जुन्या वाद्याचें दप्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास देह ठेवला आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या गांवीं उभें राहिलें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेंत बखरींस त्यांनीं केवढी कठोर कसोटी लावली, हें जाणत्या वाचकांस ठाऊक आहे. बखर मागाहून आणि बहुधा ऐकीव गोष्टींवरून लिहिली जाते. पत्र, हिशेब, यादी हीं त्या त्या वेळीं, दुसऱ्याच कांहीं कामासाठीं लिहिलेलीं असतात, म्हणून तीं अधिक खरें बोलतात. ही दृष्टि केवळ कागदापुरतीच उपयोगी आहे असें मानण्याचें कारण नाहीं. माणसाच्या हातून घडलेली कोणतीहि वस्तु आपल्या परीनें एक दप्तरच असते. प्रस्तुत लेखांत जें दप्तर सोडून पाहावयाचें आहे, तें विद्वानांच्या बैठकींत सहसा न येणाऱ्या एका वस्तूचें आहे: थोडक्या पैशांत घेतलेल्या, जुन्या, विजेच्या गिटारीचें.

अशी गिटार आज धुळ्याजळगांवकडच्या घरांतूनहि आढळते. कोणीं तरी हौसेनें घेतलेली असते, शिकणें मध्येंच सुटतें, वाद्य माळ्यावर जातें आणि एके दिवशीं तें दुसऱ्याच्या हातीं येतें. नव्या धन्याच्या मनांत पहिली इच्छा उद्भवते ती त्याचें रूप पालटण्याची. जुना रंग खरवडून नवा द्यावा, आंतील सारें सामान काढून नवें घालावें, असें त्याला वाटतें. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "भंगारावर खर्च कशाला?" एकाला सारें नवें करावयाचें असतें, दुसऱ्यांना सारें टाकून द्यावयाचें असतें, आणि हातीं आलेली वस्तु काय सांगत आहे, हें विचारावयाचें दोघेहि विसरतात.

प्रथम या वाद्याची कुळकथा थोडक्यांत पाहूं. चुंबकाच्या सान्निध्यांत हालचाल झाली असतां तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलें. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९३१ सालीं, अमेरिकेंत जॉर्ज बोशँप व ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं तें तत्त्व गिटारीस लावलें. त्या काळीं मोठ्या वाद्यवृंदांत गिटारीचा नाजूक स्वर बुडून जात असे. त्याला बळ देणें एवढाच त्यांचा हेतु होता. पोलादी तारा चुंबकावर कंप पावतात, चुंबकाभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात, त्यांत उमटलेली क्षीण वीज यंत्रानें वाढवावयाची, अशी ही योजना. त्यांची पहिली गिटार ॲल्युमिनियमची, हवाई बेटांच्या पद्धतीनें मांडीवर आडवी घेऊन वाजवावयाची होती. तिच्या आकारावरून लोक तिला 'तळणाचा तवा' म्हणूं लागले.

हिंदुस्थानांतहि विजेची गिटार लोकांच्या कानीं पडली ती मुख्यतः याच हवाई रूपांत. कलकत्त्यास तिचा मोठा षोक होता, आणि पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत वॅन शिप्ले यांनीं तिला घरोघर पोंचविलें. खानदेशांत भुसावळसारख्या रेल्वेच्या वसाहतींतून अँग्लो-इंडियन कुटुंबें राहत असत, आणि पाश्चात्य नृत्यसंगीत हा अशा वसाहतींच्या करमणुकीचा नेहमींचा भाग होता. परंतु स्वातंत्र्यानंतर १९९१ पर्यंत आयातीवर कडक निर्बंध होते. विलायती वाद्य सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचें राहिलें. देशी कारखान्यांची गिटार किंवा कोणाची तरी वापरलेली, एवढेच दोन मार्ग उरले. आणि दोहोंसहि दुरुस्तीची जोड लागे.

ही जोड आपल्याकडे नवी नव्हती. जपानांत नागोया येथें १९१२ सालीं निघालेलें, कळा दाबून वाजवावयाचें एक तंतुवाद्य आपल्याकडे 'बुलबुल तरंग' झालें. त्यालाच आपल्या लोकांनीं चुंबक व वेटोळें बसवून मिरवणुकींतील 'बेंजो' केलें. मूळ बांधणाऱ्याच्या स्वप्नींहि नसलेला स्वर त्यांतून निघूं लागला. परदेशी वाद्य विकत घेतल्यानें आपलें होत नाहीं; तें उघडून, त्यांत हात घालून, आपल्या गरजेप्रमाणें बसवून घेतल्यावर आपलें होतें.

विजेच्या गिटारीच्या मूळ इतिहासांतहि घरगुती हाताचा वाटा मोठा आहे. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकानें पाइन लांकडाच्या एका चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या, आणि लोकांस तें वाद्य वाटावें म्हणून एका गिटारीच्या दोन बाजू कापून त्याला जोडल्या. याहून हृद्य कथा इंग्लंडांतील ब्रायन मे याची. चांगली गिटार घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून १९६३ सालीं त्यानें आपल्या वडिलांच्या साह्यानें ती घरींच करावयास घेतली. मानेस जुन्या शेगडीच्या चौकटीचें मॅहॉगनी वापरलें, मोटरसायकलच्या स्प्रिंगा तारांच्या ताणास लावल्या, आणि बोटांच्या जागांच्या खुणांस आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याचीं बटणें बसविलीं. पुढें जगभर गाजलेल्या ज्या वृंदांत तो ही गिटार वाजवीत असे, त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला, मूळचा फारुख बलसारा.

आतां पुन्हा आपल्या हातांतील गिटारीकडे वळूं. विकणारा सांगतो, "ही साठ सालची, अमेरिकेची, एका सिनेमांतल्या वादकाची होती." ही झाली बखर. मानेचे चार स्क्रू सोडले आणि दर्शनी पट्टी उचलली, कीं दप्तर उघडतें. आवाज कमीअधिक करणाऱ्या कळेच्या पाठीवर अमेरिकन कारखानदार आंकडे ठोकीत असत. त्यांतील पहिले तीन कारखान्याचे आणि पुढचे वर्ष व आठवडा सांगणारे: '१३७ ६६४३' असें असेल, तर सीटीएस या कारखान्यांत १९६६ च्या ४३ व्या आठवड्यांत ती कळ तयार झाली. पण येथेंहि इतिहासकाराची सावधगिरी हवी. या आंकड्यावरून गिटार त्यापूर्वींची नाहीं एवढेंच ठरतें. कळ नंतर बदललेली असेल, तर तेंहि ठरत नाहीं. म्हणून डाख पाहावा. तो सर्वत्र सारखा, जुनाट व निस्तेज आहे, कीं एकाच ठिकाणीं चकचकीत गोळा आहे? ज्या स्वस्त वाद्यांवर असे आंकडेच नसतात, तेथें आंतल्या खोबणींत प्लायवूडचे थर दिसतात कीं सलग लांकूड, हें पाहावें. पहिल्या तीन पडद्यांवरच खोल खांचा असतील, तर पूर्वीचा वादक प्रारंभींच्या धड्यांपलीकडे फारसा गेला नाहीं असा तर्क करण्यास जागा आहे. कोपरानें झिजलेला रंग त्याच्या बसण्याची ढब सांगतो.

हें सारें वाचून, टिपून, छायाचित्रें घेऊन मग हत्यार उचलावें. आणि उचलतांना एक क्रम पाळावा. जें पुन्हा पूर्ववत् करतां येतें तें आधीं, जें येत नाहीं तें शेवटीं. नव्या तारा, मानेच्या टोकाशीं प्लॅस्टिकच्या जागीं हाडाची पट्टी, सैल सांध्यांस नवा डाख, आंतील पोकळीस तांब्याच्या पत्र्याचें अस्तर लावून तें जमिनीच्या तारेशीं जोडणें, एवढ्यानेंच पुष्कळ गिटारी सुधारतात; आपल्या घरच्या ५० आवर्तनांच्या विजेची जी घरघर वाद्यांतून ऐकूं येते, ती अस्तरानें बरीच कमी होते. खानदेशच्या वैशाखांत लांकूड आकसतें व पडद्यांचीं टोकें बोटांस बोंचूं लागतात. तीं कानशीनें हळूच मोडावीं. चुंबक व वेटोळें बदलावयाचें झाल्यास जुनें फेंकूं नये, पुडींत बांधून ठेवावें.

खरा पेंच रंगाचा. खरवडलेला रंग पुन्हा येत नाहीं. तथापि कोणताहि ओरखडा म्हणजे पवित्र पुरावा, असें म्हणणें हाहि अतिरेक होईल. मिरजेचे कारागीर जुन्या तंबोऱ्याची जवारी पिढ्यान् पिढ्या घासून लावीत आले. तसें न करतें तर तंबोरा भिंतीवरची शोभा होऊन बसता. वाद्य वाजलें पाहिजे आणि तें हातीं घ्यावेंसें वाटलें पाहिजे. ज्या मुलाला आपल्या गिटारीची लाज वाटते, तो ती वाजविणार नाहीं.

यांतून एक मधला मार्ग निघतो. अलीकडच्या स्वस्त गिटारींवरील जाड रासायनिक थर कांचेसारखा कठीण असतो. तो समूळ काढण्यास उष्णता व विषारी धूळ यांशीं झुंजावें लागतें. त्याऐवजीं बारीक पॉलिश पेपरानें त्याची चकाकी मारून वरूनच नवा लेप द्यावा. लाख स्पिरिटांत विरघळवून केलेलें सुतारांचें फ्रेंच पॉलिश बहुतेक पृष्ठांस धरतें, आणि त्यांत रंग मिसळतां येतो. ही लाख आपल्याच पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किडे देतात. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्याहि तिच्याच होत. घामानें व मद्यार्कानें ती खराब होते, हा तिचा दोष. पण ती स्पिरिटानें पुन्हा उतरवितां येते, हा गुण मोठा. काम मात्र दिवाळीनंतर काढावें. पावसाळ्यांत हवेंतील ओल शोषून लेप दुधासारखा पांढरा पडतो, आणि उन्हाळ्यांत स्पिरिट इतक्या त्वरेनें उडतें कीं हात फिरण्यापूर्वींच तो ओढला जातो. पातळ लेप, मध्यें विश्रांति, पुन्हा लेप. घाई केल्यास तीहि त्या दप्तरांत नोंदली जाते.

अशा रीतीनें जुना थर नव्याखालीं शाबूत राहतो, जसा जुन्या पोथीचा कागद नव्या बासनांत राहतो. शेवटीं दर्शनी पट्टी बसविण्यापूर्वीं एका चिठ्ठीवर तारीख, गांव, काय काढलें, काय घातलें, हें स्वच्छ अक्षरांत लिहून ती आंतील पोकळींत ठेवावी. यांत खर्च कांहींच नाहीं. परंतु आणखी तीसचाळीस वर्षांनीं जळगांवच्या किंवा धुळ्याच्या कोणा मुलानें ते चार स्क्रू सोडले, तर विकणाऱ्याची बखर कांहीं कां असेना, त्याच्या हातीं एक अस्सल कागद पडेल.