ब्लंडेल हॉल
जमैकातील किंग्स्टन शहरात परिचारिका मेरी सीकोलची (१८०५–१८८१) आई चालवत असलेले लॉज. आजारी ब्रिटिश अधिकारी व त्यांच्या बायका इथे उतरत; आई झाडपाल्याच्या औषधांनी त्यांची शुश्रूषा करी. छोटी मेरी तेच उपचार आधी बाहुलीवर, मग कुत्र्यामांजरांवर करून पाही. वडील स्कॉटिश सैनिक, आई मिश्रवर्णी पण स्वतंत्र. कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरे, म्हणून मेरी जन्मतः गुलाम नव्हती. तरी स्वतंत्र मिश्रवर्णीयांना मताधिकार वा सरकारी पद नव्हते. हे निर्बंध १८३० मध्ये उठले. मेरी स्वतःला ‘क्रिओल’ म्हणवे, म्हणजे वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेली. तिथल्या गोऱ्यांनाही हा शब्द लागू होई.