राजपत्रात अडकलेला कायदा : दिल्लीतील घरभाड्याची कहाणी

1939 साली युद्ध सुरू झाले आणि नव्या राजधानीत खाती वाढली, कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले. घरे मात्र वाढली नाहीत. युद्धकाळातील पैशाची उलाढाल व घरांची टंचाई एकत्र आली की भाडे कोठवर जाते, हे सरकारने त्याच वर्षी ओळखले होते. भारत संरक्षण नियमांखाली नवी दिल्लीपुरता भाडेनियंत्रणाचा हुकूम निघाला. युद्ध सरताच तो मागे घ्यावयाचा, अशी सर्वांचीच समजूत होती. 1942 मध्ये पंजाबचा भाडे-निर्बंध कायदा उर्वरित दिल्लीस लागू झाला, 1944 मध्ये वटहुकूम निघाला. तात्पुरती व्यवस्था अशा रीतीने हळूहळू मुक्कामाला आली.

मग फाळणी झाली. 1941 मध्ये सव्वानऊ लाखांच्या आत असलेली दिल्लीची वस्ती 1951 मध्ये साडेसतरा लाखांच्या घरात गेली. निर्वासितांचा आकडाच पाच लाखांच्या आसपास होता. या काळात केंद्रात बांधकाम, खाणी व वीज हे खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. सरकारी नोकरांच्या निवासाचा प्रश्न त्यांच्या खात्यापुढे उभा होता. क्वार्टर ज्याला मिळाले तो सुटला. ज्याला मिळाले नाही त्याने करोलबाग-पहाडगंजाच्या गल्ल्यांत एखादी खोली अथवा गच्चीवरची बरसाती पाहावी. नोकरीपायी येथे आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांची पहिली बिऱ्हाडे अशीच मांडली गेली. नव्या शहरात ओळख ना पाळख. घरमालकाने उद्या ‘निघा’ म्हटले तर जावे कोठे, ही धास्ती खरी होती. कायद्याने ती दूर केली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

1947 व 1952 च्या कायद्यांनंतर 1958 चा दिल्ली भाडेनियंत्रण कायदा आला व 9 फेब्रुवारी 1959 पासून अमलात आला. सारी गोम आहे ती त्यातील प्रमाण भाड्याच्या हिशेबात. बांधकामाचा वाजवी खर्च आणि जमिनीची किंमत यांची बेरीज करावयाची आणि तिच्यावर सामान्य निवासी घरास वर्षाला साडेसात टक्के धरावयाचे. येथवर सर्व न्याय्य दिसते. परंतु जमिनीची किंमत कोणत्या दिवसाची? बांधकाम सुरू झाले त्या दिवसाची! पुढे भूखंडाचे मोल शतपटीने वाढले तरी भाड्याच्या दृष्टीने ती जमीन त्या जुन्या दिवशीच थांबलेली. नव्या घरांना पहिली पाच वर्षे ठरलेले भाडे घेण्याची मुभा होती, तेवढीच काय ती सवलत.

परिणाम व्हायचा तोच झाला. भाडे दुरुस्तीलाही पुरेना, म्हणून मालक दुरुस्ती करीना. छत गळू लागले तरी भाडेकरू जागा सोडीना, कारण बाहेरचे भाडे त्याच्या आवाक्यापलीकडचे. पागडी कायद्याने निषिद्ध, तरी व्यवहारात चालू. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर ती मागण्याचा हक्क होता, तोही केवळ राहत्या घरापुरता. दुकानाला तो नाही. शिवाय 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जागेची भाडेदारी वारसांकडे जाते, असा निर्वाळा दिला.

आणीबाणीच्या काळात एक विलक्षण प्रसंग उद्भवला. दिल्लीत स्वतःचे घर असलेल्या सरकारी नोकरांना क्वार्टर सोडण्यास सांगण्यात आले. पण त्यांच्या घरात तर भाडेकरू! तेव्हा अशा मालकांना आपले घर तातडीने परत मिळावे म्हणून 1975 च्या डिसेंबरात वटहुकुमाने खास कलम घालावे लागले. सरकारला आपल्या कायद्याची धग स्वतःच्या नोकरांमार्फत लागली, असेच म्हणावे लागते. 1988 च्या दुरुस्तीने ही वाट निवृत्त कर्मचारी, सैनिक आणि विधवा यांनाही खुली केली. त्याच दुरुस्तीने मासिक साडेतीन हजारांवरील भाडे नियंत्रणातून वगळले आणि बाकीच्यांना दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ दिली. शंभर रुपयांचे भाडे या गतीने तीस वर्षांनी 259 रुपये होते.

1991 नंतर अर्थव्यवस्था मोकळी झाली आणि जागांचे भाव अशा वेगाने चढू लागले की, एकाच जिन्यावर दोन दिल्ल्या नांदू लागल्या. एका दारामागे बाजारभावाचे भाडे, समोरच्या दारामागे नाममात्र. नव्याने आलेल्या तरुण कुटुंबाने जुन्या भाडेकरूच्या सवलतीचा भार उचलावा, असाच याचा अर्थ होता, कारण अडकून पडलेल्या जागा बाजारात येतच नव्हत्या. संसदेने 1995 मध्ये नवा कायदा संमत केला. लेखी व नोंदणीकृत करार, वारसाहक्कावर मर्यादा, वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण, अशा त्यातील तरतुदी होत्या. ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मात्र केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या दिवशी तो अमलात येईल, असे पहिल्याच कलमात लिहिले होते.

तो दिवस उगवलाच नाही. जुन्या बाजारपेठांतील भाडेकरू व्यापाऱ्यांनी उग्र विरोध केला. त्यांचीही बाजू होती: पिढीजात दुकानाचा जम जागेशी बांधलेला असतो, जागा गेली की गिऱ्हाईक गेले. पण छोट्या दुकानदाराच्या या रास्त भीतीआड कनॉट प्लेससारख्या मोक्याच्या ठिकाणच्या सधन भाडेकरूंचीही सोय झाली, हे विसरता येत नाही. सरकारे बदलली, अधिसूचना निघाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा केव्हा लागू करावा हे ठरविणे शासनाचे काम, त्यास तसा आदेश देता येणार नाही, असे न्यायालयाने 2003 मध्ये सांगितले. 2008 मध्ये मात्र घर व दुकान यांतील भेद न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला, आणि स्वतःच्या गरजेसाठी दुकान परत मागण्याचा मार्ग मालकांना मोकळा झाला. संसदेला जे साधले नाही त्यातील एक तुकडा असा निकालाच्या वाटेने दिल्लीत आला. साडेतीन हजारांखालच्या भाड्यांचा हिशेब पुढेही 1958 च्या कायद्यानेच होत राहिला.