कुत्र्याचा घास

आमच्या पवनारास धाम नदीच्या काठी उभे राहिले म्हणजे गावाच्या जुनेपणाचा थोडा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. 1967 साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. परंतु गेले वर्षभर माझ्या मनात राजांचा नव्हे, तर एक अगदीच लहान इतिहास घोळतो आहे. तो आहे कुत्र्याला घालावयाच्या घासाचा.

त्यास कारण घडले ते सांगतो. गेल्या धनत्रयोदशीला घरी रव्याचे लाडू वळणे चालले होते. दारात आमचा मोती बसला होता. वाटीत उरलेले बेदाणे मी कौतुकाने त्याच्यापुढे ओतले आणि त्याने ते चाटूनपुसून खाल्ले. रात्री त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, पुढे लघवी बंद झाली, आणि भाऊबीजेच्या सकाळी तो गेला. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पशुवैद्यांनी काय खाऊ घातले म्हणून विचारले, तेव्हा मला मान वर करवेना. मास्तरकी करणाऱ्याने अज्ञानाची सबब कोणत्या तोंडाने सांगावी?

आमची आजी रोज जेवणानंतर दारच्या कुत्र्याला ज्वारीच्या भाकरीचा चतकोर टाकी. तिच्या हातून एकही कुत्रा मेल्याचे मला आठवत नाही. या चतकोराची परंपरा फार जुनी आहे. गृहस्थाने वैश्वदेवाच्या वेळी कुत्रे, कावळे, किडे यांच्यासाठी अन्न जमिनीवर हळूच ठेवावे, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्याच ओळीत पतित, चांडाळ आणि रोगी माणसेही बसविली आहेत, हे वाचताना मन खट्टू होते. अन्न कोणासाठी ठेवावे याची यादी तेथे आहे. ते खाणाऱ्याला मानवेल काय, हा विचार नाही.

आपल्या संतांनी या घासाला माया दिली. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? त्या कथेतील समदृष्टीपुढे मी नतमस्तक आहे. मात्र आजचा पशुवैद्य सांगेल की, भाकरी खुशाल द्या, पण तुपाची वाटी आवरा. फार स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते.

कुत्र्याला काय द्यावे आणि काय देऊ नये याचा विचार मला सापडला तो पारशांच्या वेंदिदादात. कुत्र्याला वाईट अन्न घालणाऱ्यास तेथे शिक्षा सांगितली आहे. फार टणक हाडे किंवा फार कढत अन्न देऊन त्याच्या घशाला वा जिभेला इजा केली, तर ते घोर पाप मानले आहे. जेवताना कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची पारशी घरांतली चालही जुनीच. तेव्हा 1832 च्या जूनमध्ये मुंबईत सरकारी हुकमाने शिपाई कुत्री मारू लागले, आणि पारशी मंडळींनी दुकाने बंद करून दंगा केला, यात नवल ते काय?

पुढे 1926 साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ कुत्री मारविली, तेव्हा महात्माजींनी त्या वादात निराळाच प्रश्न पुढे आणला. रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे तुकडा फेकून दयेचे समाधान मिळविणे सोपे आहे; दया खरी असेल तर त्याला पाळावे, त्याची जबाबदारी घ्यावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्या जबाबदारीत ज्ञानही आले. 2013 साली शास्त्रज्ञांनी दाखविले की, पिष्टान्न पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात बहुधा 2 प्रती असतात, तर कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत आढळतात. म्हणजे हजारो वर्षे माणसाच्या दाराशी राहून हा प्राणी आपले धान्य पचवावयास शिकला. आजीच्या चतकोराला शास्त्राचा असा आधार आहे! पण आपले सारेच ताट त्याला पचते असे नाही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे 1930 पासून ठाऊक आहे; कांदा शिजविला तरी त्याचा दोष जात नाही, आणि लसूणही त्याच कुळातली. चॉकलेटमधील थिओब्रोमिन त्याच्या हृदयाला बाधते. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरविते. शिजविलेल्या हाडाच्या चिपा आतड्यात रुततात. द्राक्षे आणि बेदाणे यांचा धोका तर 2000 च्या सुमारास कोठे ध्यानात आला. 2021 पासून टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि ते आपल्या चिंचेतही असते. किती बेदाण्यांनी घात होईल याचा नेम नाही. एक कुत्रा मूठभर पचवितो, दुसरा थोडक्यात दगावतो.

जुन्या घरांतून असे अपघात क्वचितच घडत असावेत. त्याचे कारण शहाणपण नव्हे, दारिद्र्य असावे, असे मला वाटते. बेदाणे घरच्या मुलांनाच मोजून मिळत, ते कुत्र्यापर्यंत कोठून पोहोचणार? आज फराळाचे डबे भरले आहेत, तेव्हा केवळ हात सैल सोडून भागत नाही.

यंदा लाडू झालेच, परंतु डबा उंच फळीवर आहे. वर्गातही कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट अशी नावे मी फळ्यावर लिहून दिली. कोणी नकळत यातले काही खाऊ घातले, तर ओकारीची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्य गाठावा, हेही सांगितले. मग एका मुलीने विचारले, "सर, मग द्यायचं तरी काय?" मी आजीचे उत्तर दिले: भाकरीचा चतकोर, बिनमिठाचा भात. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "एवढंच?" मोतीची गोष्ट मात्र माझ्याने सांगवली नाही. ती येथे लिहून टाकली.