केंटकीतील कोळसाखाणी आणि भूस्वामीचा आक्षेप

बंद पडलेल्या कोळसाखाणीची जमीन पूर्वस्थितीस आणणे हा वरवर पाहता स्थापत्याचा व कृषिशास्त्राचा प्रश्न वाटतो. अमेरिकेतील पूर्व केंटकीचा इतिहास तपासला म्हणजे मात्र तो बहुतांशी खतपत्रांचा प्रश्न आहे, हे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जॉन मेयो नामक एका शाळामास्तराने व त्याच्यासारख्या इतर दलालांनी या डोंगराळ मुलखातील शेतकऱ्यांकडून जमिनीखालील खनिजाचे हक्क अत्यल्प किमतीस विकत घेतले. शेत आणि घर शेतकऱ्याकडेच राहिले. ‘ब्रॉड फॉर्म डीड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खतांत खनिज काढण्यासाठी आवश्यक वा सोयीचा वाटेल तसा पृष्ठभाग वापरण्याची मुभा असून नुकसानीचा दावा करण्याचा हक्कही सोडून दिलेला असे. खत लिहून देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोंगराच्या पोटात शिरणारा बोगदा होता. वरून डोंगरच खरवडून काढणारे यंत्र त्या खोऱ्यांत तेव्हा कोणी पाहिलेही नव्हते. तथापि १९५६ साली ‘बुकॅनन विरुद्ध वॉटसन’ या खटल्यात राज्याच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायासनाने याच खतांच्या आधारे उघड्या खाणीस मान्यता दिली आणि स्वैर वा दुष्ट बुद्धीने केलेली नासधूस वगळता भरपाई नाकारली.

नोव्हेंबर १९६५ मध्ये नॉट काउंटीतील ऑली कोम्ब्स ही ६१ वर्षांची विधवा आपल्या घरावरच्या उतारावर बुलडोझरसमोर ठाण मांडून बसली. शिपायांनी तिला उचलून नेले व तुरुंगात टाकले. त्या प्रसंगाचे छायाचित्र देशभर गाजले आणि पुढील वर्षी राज्याने आपला खाणकायदा कडक केला. खतांचा अर्थ मात्र होता तोच राहिला.

राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दोनदा नाकारलेला संघीय कायदा अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी कार्टर यांच्या स्वाक्षरीने अमलात आला. त्यातील खरी मेख तारणात आहे. खाण सुरू करण्यापूर्वी चालकाने तारण ठेवावयाचे आणि ते टप्प्याटप्प्याने सोडवून घ्यावयाचे. खड्डे बुजवून उतार पूर्ववत् केल्यावर ६० टक्क्यांपर्यंत तारण सुटते. अखेरचा भाग हिरवळ रुजून किमान ५ वर्षे, व कोरड्या प्रदेशात १० वर्षे, उलटल्यावर. प्रत्येक वेळी वृत्तपत्रात चार आठवडे जाहिरात द्यावी लागते. पाहणीच्या वेळी भूस्वामीस हजर राहता येते. त्याला लेखी आक्षेप घेता येतो, सुनावणी मागता येते आणि सुनावणीपूर्वी अनौपचारिक बैठकीत तंटा मिटविण्याची तरतूदही आहे. अशा बैठकींतील विषय, सांगायचे तर, फार घरगुती असतात: वरची सुपीक माती खरोखर परत पसरली काय, उतारावर ओघळी पडल्या त्याचे काय, गाळाचे तळे तसेच ठेवावयाचे असेल तर पुढे त्याची निगा कोणी राखावयाची. पैसा अडकलेला असल्यामुळेच चालक या तक्रारी कान देऊन ऐकतो. त्याच्या सौजन्यावर येथे काहीच सोपविलेले नाही.

येथे एक विपरीत गोष्ट नमूद केली पाहिजे. उघड्या खाणीसाठी पृष्ठभागाच्या मालकाची संमती वा खतातील स्पष्ट उल्लेख या कायद्याने आवश्यक मानला. पण खत संदिग्ध असल्यास त्याचा अर्थ राज्याच्या कायद्यावर सोपविला. केंटकीत हा अर्थ १९५६ च्या निकालाने आधीच ठरला होता. म्हणजे जखम करताना भूस्वामीची संमती लागत नव्हती. ती भरून आली की नाही, एवढेच त्याला विचारले जाई. १९८४ साली राज्याने केलेला उपाय न्यायालयाने १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरविला. तेव्हा १९८८ साली मतदारांनी प्रचंड बहुमताने राज्यघटनाच दुरुस्त केली, आणि १९९३ मध्ये ‘वॉर्ड विरुद्ध हार्डिंग’ या निकालाने ती दुरुस्ती उचलून धरीत जुना निर्णय रद्द केला.

आपल्याकडील वाचकास ही सारी धडपड काहीशी परकी वाटेल. १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याखाली जमीन सर्वस्वी केंद्र सरकारकडे निहित होते. चंद्रपूरकडील ज्या शेतकऱ्याची जमीन या कायद्याने गेली, तो खाण बंद होते त्या दिवशी भूस्वामी उरलेलाच नसतो. केंटकीतील शेतकऱ्याची अडचण निराळी. चालकाचे दिवाळे निघाले व तारण खर्चास पुरेनासे झाले, तर त्याचा आक्षेप जागेवर राहतो, पण जमीन दुरुस्त करून देण्यास समोर कोणी उरत नाही.