फ्रेंच भाषा-प्रावीण्य परीक्षांची घडण आणि अध्यापकाची भूमिका : दौंड-शिरूर परिसराच्या संदर्भात

बीजशब्द : फ्रेंच अध्यापन, प्रावीण्य परीक्षा, डेल्फ, डाल्फ, पुणे जिल्हा, भाषाशिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ हे दौंड तालुक्यातील गाव फिरंगाई देवीच्या मंदिरासाठी आणि अलीकडच्या काळात रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. दौंड व शेजारच्या शिरूर तालुक्यातील जे विद्यार्थी परदेशी शिक्षण अथवा स्थलांतर यांचा विचार करून फ्रेंच भाषेकडे वळतात, त्यांना परीक्षेसाठी प्रामुख्याने पुणे शहराकडेच पाहावे लागते. कोणती परीक्षा द्यावी, हा प्रश्न मात्र त्यांनी पुण्याला जाण्यापूर्वी सोडवायचा असतो; आणि तो सोडविण्यासाठी त्यांच्याजवळ असतो तो आपल्या महाविद्यालयातील अध्यापक. भाषाज्ञानाचा दाखला कोणी मागितला व कशासाठी मागितला, यावर परीक्षेचे स्वरूप ठरत आले आहे. हा इतिहास ठाऊक नसेल, तर सद्हेतूने केलेले मार्गदर्शनही विद्यार्थ्याचे पैसे व वर्ष वाया घालवू शकते. प्रस्तुत निबंधात या परीक्षांच्या घडणीचा आढावा घेऊन अध्यापकाच्या दृष्टीने तिचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. दाखल्याविना भाषाज्ञान

या परिसराला फ्रेंचांचा पहिला परिचय झाला तो युद्धभूमीवर. १७५१ मध्ये सलाबतजंगाच्या फौजेबरोबर फ्रेंच सेनानी बुसी पुण्याच्या रोखाने चालून आला. त्या मोहिमेत आजच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव लुटले गेले व तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त झाले. पुढे १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुणे दरबारी आला आणि नाना फडणविसांशी त्याच्या वाटाघाटी झाल्या. आज्ञापत्रात टोपीकरांमध्ये ज्यांची गणना केली आहे, त्या फरासीसांशी मराठ्यांचा संबंध असा दीर्घकाळ राहिला. व्ही. जी. हातळकर यांनी फ्रेंच साधनांच्या आधारे लिहिलेला मराठे-फ्रेंच संबंधांवरील इंग्रजी ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला फ्रेंच वाचता येणे किती उपयुक्त आहे, हे त्यावरून ध्यानात येते. दुभाषा असो वा संशोधक, येथे भाषेची पारख प्रत्यक्ष कामातून होत होती.

२. विद्यापीठीय परीक्षा

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटची वास्तू आणि पुण्यातील परकीय भाषांचे शिक्षण यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. विद्यापीठीय परीक्षेचा पाया अभ्यासक्रम हा असतो. नेमलेला भाग शिकविला जातो व त्यावर प्रश्न विचारले जातात. जुन्या पद्धतीत व्याकरण आणि भाषांतर यांना प्राधान्य होते. अशा परीक्षेचे प्रमाणपत्र विद्यार्थ्याने विशिष्ट अभ्यासक्रम पूर्ण केल्याची ग्वाही देते. तो फ्रेंच भाषकाशी संवाद साधू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळेलच असे नाही. यात विद्यापीठीय परीक्षेचे न्यूनत्व नसून तिचा हेतूच वेगळा आहे.

३. डेल्फ व डाल्फ : १९८५ ते २००५

परदेशी व्यक्तींच्या फ्रेंच ज्ञानाला शासकीय मान्यता देण्यासाठी फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने १९८५ मध्ये डेल्फ व डाल्फ या पदविका सुरू केल्या. २००५ पूर्वीच्या रचनेत त्या स्वतंत्र घटकांत विभागलेल्या होत्या. डेल्फचे घटक ए१ ते ए६ आणि डाल्फचे बी१ ते बी४ असे होते.

दरम्यान युरोप परिषदेने भाषाशिक्षणाची वेगळी दिशा आखली होती. भाषेविषयी काय माहीत आहे यापेक्षा भाषा वापरून काय करता येते, हा विचार १९७६ च्या फ्रेंच ‘उंबरठा पातळी’च्या मांडणीत दिसतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामाईक युरोपीय संदर्भ चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या निश्चित झाल्या. २००५ मध्ये डेल्फ व डाल्फची पुनर्रचना या चौकटीनुसार झाली. ए१ ते बी२ या चार पातळ्या डेल्फकडे, तर सी१ व सी२ डाल्फकडे आल्या.

येथे एक व्यावहारिक पेच निर्माण होतो. पदविकेची वैधता आजीव असल्याने जुनी प्रमाणपत्रेही पाहण्यात येतात. जुन्या प्रमाणपत्रावरील ‘बी१’ हा डाल्फमधील उच्च दर्जाचा घटक होय, तर नव्या प्रमाणपत्रावरील ‘बी१’ ही मध्यम पातळी होय. अक्षर व अंक तेच असले तरी अर्थ भिन्न आहे. अध्यापकाची निवड करणाऱ्या समितीने वा प्रवेश देणाऱ्या विभागाने प्रमाणपत्राचे वर्ष न पाहता निर्णय घेतल्यास पात्र व्यक्तीवर अन्याय होऊ शकतो.

४. गुणरचनेमागील विचार

डेल्फच्या प्रत्येक पातळीवर श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चार कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ५० गुण लागतात, शिवाय प्रत्येक कौशल्यात किमान ५ गुण मिळवावे लागतात. श्रवणात २२, वाचनात २१ व लेखनात २० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला संभाषणात ४ गुण मिळाले, तर एकूण ६७ गुण असूनही तो अनुत्तीर्ण ठरतो. आपल्याकडील लेखी परीक्षेत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही अट खटकते. परंतु भाषा ही चारही अंगांनी वापरावयाची वस्तू आहे, हा विचार तिच्यामागे आहे. ज्या वर्गात आठवड्याच्या तासिका केवळ व्याकरण व भाषांतरावर खर्च होतात, तेथील हुशार विद्यार्थीही या अटीपाशी अडखळू शकतो. त्याचा दोष विद्यार्थ्याकडे नसून अध्यापनाच्या नियोजनाकडे जातो.

२०२० पासून ए२, बी१ व बी२ या पातळ्यांच्या श्रवण-वाचनाच्या प्रश्नपत्रिकांत टप्प्याटप्प्याने बहुपर्यायी प्रश्नांचा स्वीकार झाला. त्यामुळे सरावासाठी जुनी पुस्तके वापरताना त्यांचे प्रकाशनवर्ष तपासणे अगत्याचे ठरते.

५. हेतूनुसार परीक्षा

डेल्फ व डाल्फ या पदविका असून त्यांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. टीसीएफ आणि पॅरिसच्या वाणिज्य व उद्योग मंडळाची टीईएफ या मात्र पातळी दर्शविणाऱ्या चाचण्या आहेत. त्यांत कोणी नापास होत नाही, पण निकालाची वैधता दोन वर्षांपुरतीच असते. कुरकुंभ परिसरातील रसायनशास्त्राच्या एखाद्या पदवीधराला फ्रान्समधील विद्यापीठात फ्रेंच माध्यमातून शिकावयाचे असल्यास डेल्फ बी२ त्याच्या उपयोगी पडते. त्यालाच कॅनडाच्या संघराज्यीय स्थलांतर योजनेत अर्ज करावयाचा असल्यास ती पदविका ग्राह्य धरली जात नाही. तेथे टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा याच चाचण्या लागतात. स्थलांतराची चाचणी फार लवकर दिल्यास अर्जाच्या वेळी तिची मुदत संपलेली असण्याचा धोका राहतो. शहरातील विद्यार्थ्याला ही माहिती सहज मिळते. दौंडहून रेल्वेने पुणे गाठणाऱ्या विद्यार्थ्याला ती महाविद्यालयातच मिळणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. विद्यापीठीय प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची, डेल्फ-डाल्फ पदविका कौशल्यांची, तर टीसीएफ व टीईएफ विशिष्ट काळातील पातळीची साक्ष देतात. यांपैकी एक दुसऱ्याचा पर्याय नव्हे.

२. प्रमाणपत्राचे मूल्यमापन करताना, विशेषतः २००५ पूर्वीच्या बाबतीत, वर्ष व तत्कालीन रचना पाहणे अनिवार्य आहे.

३. विद्यार्थ्याचा हेतू प्रथम, परीक्षा त्यानंतर आणि अध्यापनाचे नियोजन त्याला अनुसरून, हा क्रम अध्यापकाने पाळावयास हवा.

४. ग्रामीण महाविद्यालयात फ्रेंचचा स्वतंत्र विभाग नसला, तरी या परीक्षांतील भेद जाणणारा एक अध्यापक असणे शक्य आहे. पूर्वी दुभाष्याची पारख कामातून होई. आज ती दाखल्यावरून होते. म्हणून दाखल्याचा अर्थ सांगता येणे हेही अध्यापनाचेच अंग मानले पाहिजे.