तासांवर मोजलेलं पाणी महागच पडतं

धरणातला साठा उतरू लागला की महापालिकेचा पहिला निर्णय ठरलेला असतो. दोन तास पाणी येत होतं ते एक तास करायचं, रोज येत होतं ते दिवसाआड करायचं. पावसाळ्यात धरणं काठोकाठ भरली तरी तास काही फारसे वाढत नाहीत. वर्षानुवर्षं असंच चालत आल्यामुळे पाणी मोजक्या वेळी सोडणं हीच काटकसर, असं आपण सगळे धरून चाललो आहोत. चोवीस तास पाण्याचा विषय काढला की चांगली शिकलेली माणसंही म्हणतात, ‘प्यायला पाणी पुरत नाही आणि यांना दिवसभर नळ हवाय!’ माझ्या मते ही समजूत अभियांत्रिकीच्या, हिशेबाच्या आणि आरोग्याच्या अशा तिन्ही अंगांनी चुकीची आहे. आपल्या शहरांचा जितका पैसा या समजुतीपायी वाया जातो तितका फार थोड्या गोष्टींपायी जात असेल.

आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण ते पोकळ नाही. नळ सतत वाहता राहिला तर लोक सढळ हाताने पाणी वापरतील, ही पहिली शंका. दुसरी जास्त जड आहे. आपल्या जलवाहिन्या जुन्या आणि गळक्या आहेत. आज त्या दोन तास गळतात, चोवीस तास दाबाखाली ठेवल्या तर चोवीस तास गळतील. तिसरी शंका गरिबांच्या बाजूने येते: चोवीस तास पाणी म्हणजे मीटर, मीटर म्हणजे बिल आणि बिलामागून खासगी कंपनी. ज्यांनी या शंका मांडल्या त्यांतले बरेच जण आयुष्यभर पाण्याच्या प्रश्नावर झटलेले आहेत. त्यांना उत्तर द्यायचं तर नळाच्या तोटीपासून धरणापर्यंत जावं लागेल.

लहान शहरातली एखादी गल्ली घ्या. पहाटे साडेपाचला चावीवाला व्हॉल्व्ह उघडून जातो. नळातून आधी नुसती हवा येते, मग गढूळ पाण्याच्या गुळण्या आणि मग धार. त्याच मिनिटाला घरोघरी टिल्लू पंप सुरू होतात, कारण शेजाऱ्याने पंप लावला की आपल्या नळाचा दाब पडतो आणि आपल्यालाही लावावाच लागतो. कालची भरलेली पिंपं आणि हंडे ‘शिळं पाणी’ म्हणून मोरीत रिकामे होतात आणि पुन्हा काठोकाठ भरले जातात. ज्यांची टाकी भरली त्यांचं पाणी गच्चीवरून ओघळत राहतं. उद्या पाणी येईल की नाही याचा भरवसा नसला की माणूस गरजेपुरतं घेत नाही, जमेल तितकं घेतो. ही भीती नळ चालू-बंद करण्यातूनच जन्माला येते. रात्री दोनलाही नळ सोडल्यावर पाणी येईल अशी खात्री असलेल्या घरात पिंप भरून ठेवायचं कारणच उरत नाही.

शिवाय हे साठवणं फुकट होत नाही. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मोटार, तिची वीज, पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि पाण्याच्या वेळेला घरी कुणीतरी थांबायचं म्हणून बुडालेला रोजगार, हा सगळा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात कुठे दिसत नाही. तो कुटुंबांच्या खिशातून आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वेळेतून जातो. त्यात एक विसंगती मला फार बोचते. डेंगीच्या दिवसांत आरोग्य विभाग घरोघर सांगत फिरतो, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, पिंपं रिकामी करून घासा. त्याच महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग चार-पाच दिवसांनी एकदा पाणी सोडतो. पाणी साठवू नका हे घरातल्या माणसाने कोणत्या कानांनी ऐकायचं?

आता जमिनीखाली जाऊ. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते आणि तिच्यातला दाब उतरतो, कधी कधी तर बाहेरच्यापेक्षाही कमी होतो. ज्या सांध्यांतून आणि भेगांतून पाणी बाहेर झिरपत होतं त्याच भेगांतून आता बाहेरची घाण आत येते, आणि आपल्याकडे जलवाहिनीच्या शेजारीच ड्रेनेजची वाहिनी असते. हुबळी-धारवाडमध्ये हे तपासून पाहिलं गेलं आहे. तिथे २००८पासून शहराच्या सुमारे दहाव्या हिश्श्याला चोवीस तास पाणी मिळू लागलं, बाकीचं शहर जुन्याच पद्धतीवर राहिलं. त्यामुळे एकाच शहरात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी तपासता आल्या. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोवीस तासवाल्या नळांच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय जिवाणू सापडले. अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांत हे प्रमाण ३१.७ टक्के होतं. मैला मिसळल्याची ही खूण आहे. पुढच्या आरोग्य-पाहणीत मुलांच्या एकंदर अतिसारात ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. हगवणीच्या कारणांत नळ हे एकच कारण नसतं. पण गरीब घरांत रक्ती अतिसार कमी आढळला आणि विषमज्वरही. जलशुद्धीकरण केंद्रात कोट्यवधी रुपये खर्चून शुद्ध केलेलं पाणी शेवटच्या काही किलोमीटरमध्ये आपण स्वतःच दूषित करत असू, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही.

नळी रोज रिकामी होऊन रोज भरते, तेव्हा आत कोंडलेली हवा आणि अचानक आलेलं पाणी यांचे धक्के सांध्यांना बसतात. हवा गेली तरी मीटर फिरतो, म्हणून लोक मीटरवर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही. नळीचा आकारही नाहक वाढतो. ज्या वस्तीला दिवसाला १० लाख लिटर पाणी लागतं तिथे ते दोन तासांत पोचवायचं तर तासाला ५ लाख लिटर वाहून नेणारी नळी लागते. तेवढंच पाणी चोवीस तासांत द्यायचं तर सरासरी ताशी ४२ हजार लिटर पडतं. सकाळच्या गर्दीसाठी ती तिप्पट धरली तरी सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे वाहून नेण्याची चौपट क्षमता आपण दोन तासांसाठी विकत घ्यायची आणि बाकीचे बावीस तास ती जमिनीत कोरडी पडू द्यायची.

राहिली गळतीची शंका, सगळ्यांत गंभीर. नळ्या आहेत तशाच ठेवून फक्त व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर गळती वाढेल, हे शंभर टक्के खरं आहे. पण तसं करा असं कुणी जाणता अभियंता म्हणतच नाही. गळती शोधायची कशी, इथे खरा मुद्दा आहे. शहराचे छोटे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात पाणी एकाच ठिकाणाहून शिरेल असं करायचं आणि त्या ठिकाणी मीटर बसवायचा. मग रात्री दोन ते चारच्या दरम्यान तो मीटर पाहायचा. त्या वेळी सगळी वस्ती झोपलेली असते, वापर जवळजवळ शून्य. तरीही मीटर जोरात फिरत असेल तर ते पाणी जमिनीत चाललं आहे. एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेलं की कोणत्या गल्लीत चाललं आहे तेही कळतं. जगातल्या बऱ्याच चांगल्या पाणीपुरवठा संस्था याच साध्या पद्धतीने गळती पकडतात. आणि ही पद्धत रात्री कोरड्या पडणाऱ्या वाहिनीवर चालूच शकत नाही. तास कमी केल्याने गळती थांबत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. केंद्र सरकारने २००८मध्ये नागरी सेवांची जी मानकं ठरवली त्यांत चोवीस तास पुरवठा, शंभर टक्के मीटर आणि २० टक्क्यांपेक्षा जास्त नसलेलं बेहिशेबी पाणी ही तिन्ही एकत्र ठेवली आहेत, ती यासाठीच. एक वगळून दुसरं साधत नाही.

पाणीच नाही तर चोवीस तास देणार कुठून, असं विचारणाऱ्यांनी छत्रपती संभाजीनगरकडे पाहावं. जायकवाडीची साठवण क्षमता १०० टीएमसीहून जास्त आहे आणि पैठणचं ते धरण शहरापासून जेमतेम ५० किलोमीटरवर. तरी या शहराने वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड पाणी भरलं. धरण भरलेलं आणि नळ कोरडा, कारण मधल्या जुन्या जलवाहिन्या अपुऱ्या, वरचेवर फुटणाऱ्या. समांतर जलवाहिनीचं काम खासगी कंपनीकडे दिलं, २०१६मध्ये तो करार रद्द झाला, २०२०च्या डिसेंबरात १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. टंचाईचा शब्द तिथे व्यवस्थेच्या अपयशावर पांघरूण म्हणून वापरला गेला. लातूरचं वेगळं. २०१६च्या एप्रिलात तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. स्रोतच आटला की कुठलीच पद्धत उपयोगी पडत नाही. पण तशा वर्षासाठीसुद्धा मीटर असलेलं शहर माणशी लिटर ठरवून देऊ शकतं. मीटर नसलेल्या शहराच्या हाती तास तेवढे असतात, आणि तासांची कपात ज्याच्याकडे मोठी टाकी आणि दणकट मोटार आहे त्याला लागतच नाही. ती झोपडीतल्या हंड्याला लागते.

म्हणून मीटर गरिबाच्या विरोधात आहे हे मला मान्य नाही. आपल्या बऱ्याच शहरांत पाणीपट्टी घराच्या करयोग्य मूल्यावर किंवा नळजोडणीच्या आकारावर ठरते. अंगण आणि गाड्या रोज धुणारा आणि दोन हंड्यांत भागवणारा, दोघांनाही किती पाणी वापरलं हे कुणी विचारत नाही. आणि ज्याच्याकडे नळच नाही तो टँकरवाल्याला लिटरमागे सगळ्यांत जास्त पैसे मोजतो. दर टप्प्याटप्प्याने चढता ठेवला, गरजेपुरत्या वापराचा पहिला टप्पा अगदी स्वस्त ठेवला, की उधळणाऱ्याच्या बिलातून गरजूचं पाणी निघतं. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने हेच केलं. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने त्या छोट्या गावाने साऱ्या घरांना मीटरवर चोवीस तास पाणी दिलं, दर चढते ठेवले, आणि वापर वाढण्याऐवजी कमी झाला.

खासगीकरणाची भीती मात्र निराधार म्हणणार नाही. मुंबईत अंधेरीच्या के-पूर्व वॉर्डात जागतिक बँकेच्या पुढाकाराने नेमलेल्या सल्लागारांच्या अभ्यासाला २००७मध्ये कडवा विरोध झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. हुबळी-धारवाडचा प्रयोगही खासगी कंपनीनेच चालवला. नागपूरने खासगी कंपनीशी पंचवीस वर्षांचा करार केला आणि त्यावरचे वाद शमलेले नाहीत. पण पाणी किती तास द्यायचं आणि ते कुणी द्यायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यावरचा राग पहिल्यावर काढल्याने चांगली कल्पना बदनाम झाली. ओडिशात पुरी शहराने २६ जुलै २०२१पासून नळाचं पाणी थेट पिता येईल असा चोवीस तास पुरवठा सुरू केला, तो सरकारी यंत्रणेनेच. मीटर वाचायला आणि बिल वसूल करायला बचत गटांतल्या महिला, ‘जलसाथी’, नेमल्या.

आणि नॉम पेन्ह तर या साऱ्या वादावरचं उत्तर आहे. यादवीने उद्ध्वस्त झालेल्या कंबोडियाच्या या राजधानीत १९९३मध्ये दिवसाला दहा तास पाणी येई आणि सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्क्यांचा हिशेब लागत नसे. त्या वर्षी ‘एक सोन चान’ नावाचे गृहस्थ सरकारी जलसंस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी प्रत्येक जोडणीला मीटर लावला, चोऱ्या पकडल्या, चोरी करणाऱ्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना काढलं, गळती शोधणारी पथकं रात्री फिरवली. थकबाकीदार लष्करी अधिकाऱ्याने पिस्तूल रोखलं तरी त्याचा नळ तोडला. गरीब घरांना जोडणीचे पैसे हप्त्याने भरू दिले. बेहिशेबी पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं, चोवीस तास पुरवठा झाला आणि संस्था स्वतःच्या पायावर उभी राहिली. त्यांना २००६चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही संस्था सरकारी होती, देश आपल्याहून गरीब होता.

पुण्याने २०१७च्या जूनमध्ये चोवीस तास पाण्याच्या याच कामासाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्क्यांनी काढले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. योजना रखडली, आणि ती रखडण्याची रीत सगळ्या शहरांत सारखीच दिसते: टाक्या आधी उभ्या राहतात, कारण त्या दिसतात, त्यांचं उद्घाटन होतं. मीटर मागे पडतात, कारण मीटर लावणं म्हणजे मतदाराच्या दारात जाणं.

यात शहराबाहेरच्यांचाही हिशेब आहे. मुंबईची तहान वाढली की आपली नजर पालघरच्या डोंगराकडे जाते. गारगाई धरणाच्या प्रस्तावात तानसा अभयारण्यातली लाखो झाडं आणि आदिवासींचे पाडे पाण्याखाली जाणार आहेत. त्या पाड्यांतल्या माणसांना उठवण्याआधी महापालिकेने एवढं तरी सांगावं, की आपल्या प्रत्येक विभागात पहाटे तीन वाजता किती पाणी वाहतं. तो आकडा वॉर्डनिहाय, दर महिन्याला, पाणीपट्टीच्या बिलावर छापावा. त्याला धरण लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. विभागाच्या तोंडाशी एक चालू मीटर लागतो आणि तो रात्री वाचणारा एक माणूस.