रिकामा दिसणारा रस्ता

‘कॅमेरा’ हा शब्द अरबी आहे, असे आपल्या सभांमधून अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. शब्द लॅटिन आहे, त्याचा अर्थ खोली. उर्दूतला ‘कमरा’देखील पोर्तुगीजांमार्फत तिकडूनच आला. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात केला, हे मात्र खरे. त्यांच्या थोरवीला खोट्या व्युत्पत्तीची गरज नाही.

पुढे आठशे वर्षांनी, १८३८ साली, लुई दागेर यांनी पॅरिसमधला ‘बुलेवार द्यु ताँप्ल’ हा रस्ता उंच खिडकीतून टिपला. वेळ सकाळी आठची. रस्ता गाड्याघोड्यांचा, माणसांच्या वर्दळीचा. चित्रात मात्र तो ओसाड दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. जो चालत राहिला, तो उमटलाच नाही. कोपऱ्यात बूट पुसून घेणारा एक माणूस तेवढा थांबला होता, म्हणून राहिला. त्याचे बूट पुसणारा पुसट दिसतो, कारण त्याचे हात चालू होते. दोघांचीही नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

वर्गात हे चित्र दाखवले की मुले विचारतात, “सर, बाकीचे लोक कुठे गेले?” मी सांगतो, ते तिथेच होते, कामावर निघाले होते.

आपल्या कष्टकरी पूर्वजांचेही असेच झाले. दफ्तरात ते दिसत नाहीत, म्हणून ते नव्हते असे नाही. त्यांना शोधायचे आहे. पण पुराव्याने, बढाईने नव्हे.